आप्पांच्या अक्षरातली नोंद

घराच्या कर्जाचा हप्ता वाढल्याचं माझ्या आधी आप्पांना कळलं. ज्या खात्यातून हप्ता जायचा, त्याचं पासबुक दर महिन्याला छापून आणायचं काम माझ्या वडिलांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं. निवृत्त होऊन ते निपाणीहून आमच्याकडे बेळगावला राहायला आले तेव्हापासूनचं हे. आई आधीच गेली होती. खासबागेच्या पलीकडे नव्या वसाहतीत आमचं घर. तिथं त्यांना करण्यासारखं फारसं काही नव्हतं. महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळायचे आणि चालत शाखेत जायचे. यंत्रात पासबुक सरकवायचं, दोन मिनिटांचं काम. ते मात्र दीड-दोन तासांनी परत यायचे.

"एवढा वेळ काय करता तिथं, आप्पा?" असं माझ्या बायकोनं एकदा विचारलं.

"काय न्हाय गं. बँकेत बसलं की बरं वाटतंय," ते म्हणाले.

त्या दिवशी मी कॉलेजातून आलो तर पासबुक टेबलावर उघडं करून ठेवलेलं. शेवटच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. "तीन वर्सं संपली बघ. ठरलेल्या दराची मुदत संपली. आता नवा दर लागलाय."

मी आकडा बघितला आणि पुन्हा बघितला. "एवढा वाढतो?"

"चालू दर असंल. बँकेचं गणित चुकत न्हाय रं. मशिन करतंय ते."

मी पी. यू. कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, भूगोल शिकवतो. व्याजाच्या भानगडी मला कधी नीट कळल्या नाहीत, आणि बँकेच्या बाबतीत आप्पा सांगतील ते खरं ही लहानपणापासूनची सवय. मी पासबुक मिटून ठेवलं.

आप्पा निपाणीच्या शाखेत एकतीस वर्षं शिपाई होते. माझे आजोबा तंबाखूच्या वखारीत पोती वाहायचे, आजी विड्या वळायची. आप्पा सातवीपर्यंत शिकले. आमच्या वस्तीतून बँकेत नोकरीला लागलेला पहिला माणूस म्हणजे ते. शिपाई असले तरी वस्तीत त्यांना सगळे 'बँकेतले' म्हणायचे. कुणाला सरकारी पत्र आलं की ते वाचून घ्यायला लोक आमच्या दारात यायचे, आणि बुद्धविहाराची किल्ली कायम आमच्या घरातल्या खिळ्याला असायची.

ते शिपाई असतानाच एका मॅनेजरनं त्यांना जावक वहीचं काम दिलं. शाखेतून बाहेर जाणारा प्रत्येक कागद या वहीत चढवायचा असतो: क्रमांक, तारीख, कुणाला, किती पानं. ते काम करणारा कारकून बदलून गेला होता आणि नवा येत नव्हता. वही इंग्रजीत ठेवायची होती. मी तेव्हा पाचवीत होतो. आप्पा माझ्या शेजारी बसून माझ्याच वहीत इंग्रजी अक्षरं गिरवायचे. जोडून लिहायचं त्यांना जमलं नाही. मोठी, सुटी अक्षरं मात्र त्यांनी अशी घोटली की छापल्यासारखी दिसायची. पुढं कारकून आले, गेले, पण वही आप्पांकडेच राहिली. त्यांच्या निरोप समारंभात मॅनेजर त्या वहीबद्दल दोन वाक्यं बोलले होते. ती दोन वाक्यं आप्पा आल्या-गेल्या प्रत्येकाला सांगायचे.

घरासाठी कर्ज काढायचं ठरलं तेव्हा मी बेळगावातल्याच एखाद्या बँकेतून घेणार होतो. आप्पांनी ऐकलं नाही. "आपली बँक असताना दुसऱ्याच्या दारात कशाला?" त्यांच्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. ते मला निपाणीच्या मॅनेजरांच्या खोलीत घेऊन गेले, आणि मॅनेजर आप्पांना म्हणाले, "तुम्हीपण बसा. आज तुम्ही गिऱ्हाईक." एवढ्या वर्षांत त्या खोलीतल्या खुर्चीवर ते पहिल्यांदा बसले. खुर्चीच्या अगदी कडेला, गुडघ्यांवर हात ठेवून.

मॅनेजरांनी समजावून सांगितलं, "तीन वर्षं हा दर पक्का. मुदत संपली की त्या दिवशी नव्या कर्जदाराला जो दर असेल तोच तुम्हाला. मागच्या जोडपत्रात लिहिलंय बघा."

मंजुरीचं पत्र तयार झालं तेव्हा मी समोरच उभा होतो, हात पुढं केला. आप्पांनी पत्र दिलं नाही. "असं न्हाय. वहीत चढल्याबिगर कागद बाहेर जात न्हाय." त्यांनी चष्मा लावला, नोंद केली, पत्रावर क्रमांक घातला, पाकिटात घातलं आणि मग सगळ्यांसमोर माझ्या हातात दिलं. शाखेतले लोक हसले. आप्पाही हसले. मागून माझं खातं बेळगावच्या शाखेत वर्ग झालं आणि ते पाकीट कपाटात गेलं.

हप्ता वाढल्यावर तीन-चार महिने मी तो मुकाट्यानं भरला. मग एकदा स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्यानं नव्या घराचे पेढे वाटले. बँक आमचीच, कर्ज गेल्याच महिन्यातलं. दर विचारला तर माझ्यापेक्षा जवळजवळ दोन टक्क्यांनी कमी. मला आधी वाटलं तो चुकीचं सांगतोय. त्यानं मोबाईलवर पत्र दाखवलं.

घरी येऊन मी कपाटातलं पाकीट काढलं. जोडपत्रात सगळं स्पष्ट होतं. मॅनेजर बोलले होते तसंच, नव्या कर्जदाराचा दर. बँकेनं मात्र मला जुन्या कर्जदारांचा, चढा दर लावला होता. मी आप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"चुकून झालं असंल. उद्या जाऊन सांगू. लगेच करून देतील," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बेळगावच्या शाखेत गेलो. कर्जविभागाचा अधिकारी तिशीतला होता, बहुतेक बंगळूरकडचा. माझ्याशी इंग्रजीत बोलत होता. मी बसलो. आप्पा माझ्या खुर्चीमागं उभे राहिले. "आप्पा, बसा की," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली, पण बसले नाहीत. अधिकाऱ्यानं माझं जोडपत्र बघितलं, कॉम्प्युटरवर काहीतरी उघडलं आणि म्हणाला, "हे पान आमच्या फाइलमध्ये नाही. यावर सही नाही, शिक्का नाही. करारात फक्त 'बँकेचा प्रचलित दर' असं आहे."

"पण हे तुमच्याच बँकेच्या निपाणी शाखेनं दिलंय."

"असा कागद कुणीही छापून जोडू शकतो, सर."

मी वाद घालत होतो तेवढ्यात त्याच्या टेबलाच्या कडेची फाइलींची चळत कलली. आप्पांनी पटकन पुढं होऊन ती सावरली आणि सवयीनं तिच्या कडा हातानं सारख्या करायला लागले. अधिकारी कानडीत जोरानं म्हणाला, "ओ आजोबा, हात लावू नका फाइलींना. बाहेर बसा."

आप्पांनी हात मागं घेतले. "सॉरी सार," म्हणाले आणि बाहेर जाऊन बाकावर बसले. घरी येताना वाटेत ते मला म्हणाले, "त्येचं बरोबर हाय. गिऱ्हाइकानं फाइलीला हात लावायचा न्हाय."

मी लेखी तक्रार दिली. महिन्याभरानं उत्तर आलं. तपासणी केली, लावलेला दर करारानुसार योग्य आहे, एवढंच. मी ते जेवणाच्या टेबलावर वाचलं. बायको भाकऱ्या करत होती. आप्पा लसूण सोलत बसले होते. ते हळूच म्हणाले, "परत एक अर्ज देऊया काय? मॅनेजरच्या नावानं?"

आणि मी त्यांच्यावर ओरडलो. काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. "तुमचीच बँक ना ही? तुम्ही म्हणालात म्हणून घेतलं तिथून. एकतीस वर्षं त्यांच्या चहाचे कप उचललेत, आणि आता ते तुम्हाला दारात उभं करीत नाहीत. तुमची बँक म्हणे!"

बायकोनं तव्यावरून नजर उचलून माझ्याकडं बघितलं. आप्पांनी हातातली पाकळी सोलून वाटीत टाकली, मग दुसरी घेतली. सगळा लसूण संपेपर्यंत ते तिथंच बसले. मग उठून आपल्या खोलीत गेले.

त्यानंतर दोन दिवसांनी मी दुपारी घरी आलो तर आप्पा नव्हते. सकाळी नऊला डबा घेऊन बाहेर पडले, कुठं ते सांगितलं नाही, असं बायको म्हणाली. फोन लागत नव्हता. मी शाखेत बघून आलो, खासबागेतल्या बागेत बघून आलो. सहाच्या सुमाराला ते रिक्षातून उतरले. पांढरा शर्ट धुळीनं मळलेला, कोपराला कोळिष्टकं.

"कुठं गेलता, आप्पा?"

"निपाणीला गेलतो." त्यांनी पिशवीतून एक झेरॉक्स काढून माझ्यासमोर ठेवली. "घे. जावक वही."

त्या पानावर मधोमध त्यांच्या मोठ्या, सुट्या इंग्रजी अक्षरांत माझं नाव होतं, तारीख होती, आणि पुढं लिहिलेलं, मंजुरीपत्र जोडपत्रासह, तीन पानं. खाली शाखेचा शिक्का आणि आताच्या मॅनेजरची सही.

"दोन पानाचं पत्र आनि एक जोडपत्र. मीच मोजून लिवलंय," आप्पा म्हणाले. दमलेले होते, पण तोंड हसरं होतं. "आता काय म्हणत्यात बघू."

मी म्हणालो, "बरं झालं." एवढंच. परवाच्या बोलण्याबद्दल काहीतरी बोलायला हवं होतं. त्यांनी थोडी वाट बघितली असं मला आता वाटतं. मग "पाय धुतो" म्हणून ते आत गेले.

मी ती झेरॉक्स लावून बँकेच्या वरच्या कार्यालयात तक्रार केली. या वेळी उत्तर लवकर आलं, दोन पानी, इंग्रजीत. मी पत्र उघडलं तेव्हा आप्पा समोरच होते. त्यांनीच ते पोस्टमनकडून सही करून घेतलं होतं.

"काय लिवलंय?"

मी दुसऱ्या पानावर पोचलो होतो. तिथं लिहिलं होतं की तक्रारदारानं आधार घेतलेली नोंद तक्रारदाराच्या वडिलांच्या हस्ताक्षरात असून ते त्या काळी सदर शाखेत कनिष्ठ कर्मचारी होते, सबब त्या नोंदीच्या सत्यतेविषयी बँक खात्री देऊ शकत नाही.

"अजून विचार चालू आहे म्हणतात," मी म्हणालो आणि पत्र घडी करायला लागलो.

"आण बघू."

"काही नाही त्यात, आप्पा."

"आण की रं." त्यांनी पत्र घेतलं, चष्मा लावला आणि एकेका शब्दाखाली बोट सरकवत वाचायला लागले. सगळं इंग्रजी त्यांना येत नव्हतं. पण एकतीस वर्षं बँकेचीच पत्रं हाताखालून गेली होती. 'फादर' आणि 'हँडरायटिंग' हे दोन शब्द त्यांना येत होते. त्या ओळीवर बोट थांबलं. मग पुन्हा ओळीच्या सुरुवातीला गेलं.

"म्हंजे मी मागनं लिवलं म्हणत्यात?"

"तसं नाही म्हणत ते..."

"तसंच म्हणत्यात." त्यांचा आवाज चढला नव्हता. "खरं त्या वहीत मधी जागा कुटं असती? नंबर सलग असत्यात. वर एकाची नोंद, खाली दुसऱ्याची. मागनं कसं लिवणार? सांग की. कसं लिवणार मागनं?"

जणू मीच बँक होतो. त्यांनी मला सगळं पुन्हा समजावलं. क्रमांक कसा पडतो, पान संपलं की कुणाची सही होते, ओळ मोकळी का सोडायची नाही. रात्री जेवताना बायकोला सांगितलं. पुढचे कितीतरी दिवस, मध्येच पेपर खाली ठेवून ते म्हणायचे, "नंबर सलग असत्यात." ऐकणारं कुणी खोलीत असो वा नसो.

पुढच्या दहा तारखेला ते पासबुक छापायला गेले नाहीत. शर्ट इस्त्री करून खुंटीला होता. त्यापुढच्या महिन्यातही नाही. मग एकदा मीच येताना छापून आणलं, आणि त्यांनी ते उघडूनही बघितलं नाही.

बँकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे जायचं मी ठरवलं. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "सोडून दे रं. आपल्याला जड न्हाय हप्ता. दोघं कमावताय."

"आता पैशाचा प्रश्न नाही राहिला, आप्पा."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मग ती झेरॉक्स तेवढी लावू नकोस. परत माझं नाव नको त्यात."

मी हो म्हणालो. पण अर्ज भरायला बसलो तेव्हा दुसरा पुरावा माझ्याकडं काही नव्हता. सही नसलेलं जोडपत्र आणि माझा शब्द, एवढंच. मी ती झेरॉक्स लावली. बँकेचं ते पत्रही जोडावं लागलं. आप्पांना सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. मी त्यांच्या समोरून कागद घेऊन जाताना ते मुद्दाम खिडकीबाहेर बघायचे. त्यांना कळलं होतं असं मला वाटतं.

निकालाला सहा-सात महिने लागले. लोकपालाच्या कार्यालयानं बँकेला एक साधीच गोष्ट विचारली. त्या काळात तीन वर्षं पक्क्या दराच्या या योजनेखाली जी कर्जं दिली, त्यांचं परिपत्रक दाखवा. बँकेनं परिपत्रक दिलं, आणि त्याच्या मागं तेच जोडपत्र होतं, शब्दाला शब्द. त्या योजनेतल्या प्रत्येक कर्जदाराला ते द्यायचंच होतं. जावक वहीची कुणाला गरजच पडली नाही. दर कमी करावा, जादा घेतलेलं व्याज मुद्दलात वळतं करावं, असा निकाल झाला, आणि महिन्याभरात बँकेनं तसं केलंही. मला एक पत्र आलं. झालेल्या गैरसोयीबद्दल खेद, वगैरे.

मी ते पत्र घेऊन आप्पांकडं गेलो. ते अंगणात उन्हात बसले होते. हिवाळ्याचे दिवस होते, कानाला मफलर. मी म्हणालो, "आप्पा, जिंकलो. दर कमी केला. जादाचं सगळं परत."

"व्हय?" ते म्हणाले. "लई बरं झालं." मग पत्राकडं बघत म्हणाले, "त्यात माझं काय लिवलंय?"

"तुमचं काही नाही, आप्पा. तुमचा विषयच आला नाही."

"म्हंजे ते तसंच राहिलं?"

जिंकल्याच्या आनंदात मी त्यांच्या अक्षरावरचं बँकेचं ते वाक्य विसरलोच होतो. ते वाक्य बँकेच्या कुठल्यातरी फाइलीत होतं, कॉम्प्युटरात होतं, माझ्या अर्जाला मीच जोडून लोकपालाकडं पाठवलं होतं.

मग मी पुन्हा अर्ज लिहायला लागलो. माझ्या वडिलांविषयीचं ते विधान मागं घ्यावं, तसं लेखी कळवावं, एवढीच मागणी. बँकेनं कळवलं की तक्रार निकाली निघाली असल्यानं पुढील पत्रव्यवहार संभवत नाही. मी पुन्हा लिहिलं, आप्पांच्या नोकरीची वर्षं लिहिली, वहीचे क्रमांक सलग असतात हेही लिहिलं. तेच उत्तर आलं, फक्त तारीख वेगळी. लोकपालाच्या कार्यालयात फोन केला तर तिथल्या बाई सौम्यपणे म्हणाल्या की पैशांची किंवा सेवेची तक्रार असेल तर घेता येते, पत्रातल्या एका वाक्याची घेता येत नाही. बेळगावच्या शाखेत गेलो. तो अधिकारी बदलून गेला होता. त्याच्या जागी आलेल्यानं सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि विचारलं, "पण सर, तुमचं काम तर झालंय ना?"

सुरुवातीला आप्पा दर आठवड्याला विचारायचे, "पत्र आलं काय?" मी म्हणायचो, येईल. मग त्यांनी विचारायचं थांबवलं. लोकांकडं जाणं कमी झालं. निपाणीहून त्यांचे जुने सोबती भेटायला आले तेव्हा गप्पा चांगल्या झाल्या, पण बँकेचा विषय निघाला की ते चहा सांगायला आत उठून जायचे. निरोप समारंभातली ती दोन वाक्यं मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकली नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. सकाळी आंघोळ करून बसले होते, छातीत दुखतंय म्हणाले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं हृदय दमलेलं होतं. बँकेमुळं ते गेले असं मी म्हणणार नाही. ते खरं नाही. पण त्यांचं शेवटचं दीड वर्ष असं गेलं, आणि त्यात बँकेचा वाटा होता तेवढाच माझाही.

त्यांच्या पेन्शनचं खातं निपाणीच्या शाखेतच होतं. ते बंद करायला मी मृत्यूचा दाखला घेऊन गेलो. काउंटरवर चाळिशीच्या एक बाई होत्या. दाखल्यावरचं नाव वाचून त्या थांबल्या. "कूड्री, कूड्री, बसा," म्हणत त्यांनी मला आतल्या बाजूची खुर्ची दिली आणि कानडीत विचारलं, "तुम्हीच त्यांचा प्रोफेसर मुलगा?"

मी त्यांना ओळखत नव्हतो. आप्पा वही शोधायला आले होते त्या दिवशी काउंटरवर आपणच होतो, असं त्यांनी सांगितलं.

त्या म्हणाल्या, "मी त्यांना तीन तास बाहेर बसवलं. बाहेरच्या माणसाला मागं सोडायचं नाही असा हुकूम होता. आम्ही सगळे नवे, त्यांना कुणी ओळखलं नाही. ते काही बोलले नाहीत. बाकावर बसून राहिले. एक म्हातारी पैसे काढायला आली होती, तिला स्लिप भरता येत नव्हती. त्यांनी भरून दिली. मग आणखी दोघं त्यांच्याकडं गेली. मी बघत होते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मीच साहेबांना विचारलं आणि त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेले. खोलीत दिवा नव्हता. दहा मिनिटांत वही काढली त्यांनी."

मी विचारलं, "काही बोलले का?"

बाई म्हणाल्या, "मी म्हटलं, एवढा त्रास कशाला घेतला, मुलाला पाठवायचं. तर म्हणाले, पोरगं रागावलंय माझ्यावर. त्याचं बरोबर आहे, कर्ज मीच घ्यायला लावलं होतं. तो त्याच्या परीनं लढतोय, मला येतं तेवढं मी करतो." मग त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "त्या कामाचं पुढं काय झालं? मिळाला का दर?"

"मिळाला," मी म्हणालो. "सगळं परत मिळालं."

"अय्यो, चांगलं झालं," त्या मनापासून म्हणाल्या. "त्यांना बघायला मिळालं ना?"

मी हो म्हणालो. त्यांनी तीन ठिकाणी फुल्या मारून फॉर्म पुढं सरकवला आणि मी तिन्ही ठिकाणी सह्या केल्या. दाखल्याची प्रत त्यांनी ठेवून घेतली, मूळ दाखला परत दिला. मी उठलो तेव्हा त्याही उठल्या आणि काउंटरच्या फाटकापर्यंत आल्या.

स्टँडवर बेळगावची गाडी लागलेली होती. मी चढलो नाही. दुसरी आली, तीही गेली. मी तिथल्या बाकावर बसून होतो. त्या दिवशी ते झेरॉक्स घेऊन परत आले तेव्हा मी त्यांना काय काय म्हणू शकलो असतो, ते एकेक करून आठवत होतो. सगळी वाक्यं अगदी साधी होती.